सिलिंडर हेडचे स्टड: घट्ट म्हणजे नक्की किती घट्ट?

हेड गॅस्केट गेलं म्हणून इंजिन उघडलं, किंवा टर्बोचा दाब वाढवून घ्यायचं ठरलं, की गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: "आता बोल्ट नका घालू, स्टड टाका." म्हणजे हेड धरायला डोक्याच्या बोल्टऐवजी दोन्ही टोकांना आटे असलेली कांडी आणि वर नट. सल्ला बऱ्याचदा योग्य असतो. पण स्टड म्हणजे काय, ते बोल्टपेक्षा कशात सरस आणि बसवताना काय सांभाळायचं, हे नीट सांगायला सहसा कुणाला सवड नसते. मग उत्तम पोलादाचे स्टड आणून घाईघाईत पिळले जातात, आणि काही महिन्यांत कूलंट पुन्हा गळायला लागतं. दोष स्टडच्या माथी मारला जातो.

पान्यावर लावलेला जोर आणि हेडवर प्रत्यक्ष पडणारी पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टड बसवण्याचं सगळं कसब या दोघांमधलं अंतर कमी करण्यात आहे, आणि त्यातलं बरंचसं काम नटाला पाना लावायच्या आधीच उरकायचं असतं.

## हेडला वर ढकलणारी ताकद

इंजिनचा खालचा जड भाग म्हणजे ब्लॉक. त्यातल्या सिलिंडरांमध्ये पिस्टन वर-खाली होतात. ब्लॉकवर बसतं ते सिलिंडर हेड, ज्यात व्हॉल्व्ह, स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर असतात. दोघांच्या मध्ये पातळसं हेड गॅस्केट. जळणाऱ्या वायूंचा दाब, पंपाने फिरणारं ऑइल आणि इंजिन थंड ठेवणारं कूलंट, या तिघांना एकमेकांपासून वेगळं ठेवायची जबाबदारी त्या गॅस्केटवर असते.

टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात ज्वलनाच्या क्षणी दाब साधारण ५० ते ८० बारपर्यंत जातो. टर्बो पेट्रोलमध्ये तो १०० च्या आसपास किंवा वर, आणि आधुनिक टर्बो डिझेलमध्ये १५० च्याही पुढे. हे आकडे नुसते वाचून काही कळत नाही, म्हणून हिशेब करू. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरतं. त्यावर १०० बार दाब म्हणजे जवळजवळ ५० किलोन्यूटन. १० किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक टन वजन, हे लक्षात ठेवलं की पुरे. म्हणजे एकटा सिलिंडर हेडला पाच टनांच्या ताकदीने वर ढकलतो, आणि इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर हा धक्का, दर दोन फेऱ्यांना एकदा, प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा बसतो.

एका सिलिंडरभोवती बहुतेक इंजिनांत चार स्टड किंवा बोल्ट असतात. त्यांची एकत्रित पकड या धक्क्यापेक्षा बरीच जास्त असावी लागते. ती कमी पडली तर हेड दर धक्क्याला केसभर उचललं जातं, गॅस्केटची कड घासत जाते, आणि एक दिवस वायू कूलंटच्या वाटेत शिरतात.

## स्टड ताणला जातो, म्हणून धरतो

पकड येते कुठून? नट आवळला की स्टड लांबतो. पोलाद आपल्याला कितीही कडक वाटलं तरी ते ताणलं जातं आणि पुन्हा आखडू पाहतं. त्या आखडण्यातून हेड ब्लॉकवर दाबलं जातं. स्टडची ताणली जाणारी लांबी १०० मिलिमीटर धरली आणि त्यातला ताण ७०० मेगापास्कल, तर स्टड सुमारे ०.३४ मिलिमीटर लांबतो. एक तृतीयांश मिलिमीटर. सगळं इंजिन तेवढ्यावर टिकून असतं.

सायकलच्या कॅरिअरवर ओझं बांधताना साध्या दोरीऐवजी रबरी पट्टा का वापरतात, ते आठवा. ओझं थोडं दबलं, हललं, तरी ताणलेला पट्टा त्याच्यामागून आखडत जातो आणि धरून ठेवतो. दोरी मात्र लगेच ढिली पडते. पुरेसा ताणलेला स्टड त्या पट्ट्यासारखा वागतो. गॅस्केट किंचित बसलं, हेड तापलं-निवलं, तरी पकड शिल्लक राहते. कमी ताणलेला स्टड म्हणजे ती दोरी.

ताणण्याला एक हद्द असते. तिच्या आत स्टड मूळ लांबीवर परत येतो. हद्द ओलांडली की तो कायमचा लांबतो, पोलादाचा धीर सुटतो आणि तो बाद होतो. "आणखी थोडं आवळा, काही होत नाही" हा सल्ला म्हणूनच धोक्याचा. चांगल्या स्टडचे उत्पादक टॉर्कचा, म्हणजे नट फिरवण्याच्या जोराचा, आकडा या हद्दीच्या साधारण तीन चतुर्थांश ताण येईल असा ठरवतात. उरलेला चतुर्थांश इंजिन तापल्यावर लागतो. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. अॅल्युमिनियमचं १०० मिलिमीटर उंचीचं हेड ८० अंशांनी तापलं तर ते ०.१८ मिलिमीटर वाढतं, स्टड मात्र सुमारे ०.१० मिलिमीटरच. मधला फरक स्टडला आणखी ताणतो. थंड इंजिनवर हद्दीला भिडवलेला स्टड गरम इंजिनवर हद्दीपलीकडे गेलेला असतो.

## बोल्टमध्ये मग कमी काय आहे?

साध्या इंजिनात काहीच नाही. लाखो गाड्या बोल्टवर आयुष्य काढतात. फरक कळायला बोल्ट आवळताना काय होतं ते बघावं लागतं. बोल्टचं डोकं फिरवलं की अख्खा बोल्ट फिरतो, त्याचे खालचे आटे ब्लॉकच्या आट्यांत घासत जातात. बोल्ट एकीकडे ताणला जातो आणि दुसरीकडे पिळलाही जातो. त्याची काही ताकद त्या पिळात जाते, आणि ब्लॉकमधले आटे दर आवळणीला भाराखाली घासले जातात.

स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली कांडी. खालचं टोक ब्लॉकमध्ये आधीच बसलेलं असतं. हेड त्यावरून उतरवायचं आणि वर नट लावायचा. आवळताना फिरतो तो नट. स्टड जवळजवळ सरळच ताणला जातो आणि ब्लॉकमधले आटे भाराखाली फिरत नाहीत. हेड पुन्हा पुन्हा उघडावं लागणाऱ्या इंजिनात ही मोठी बचत आहे, विशेषतः ब्लॉक अॅल्युमिनियमचा असेल तर. आणखी एक सोय: बऱ्याच स्टडचे ब्लॉककडचे आटे जाडे असतात आणि नटकडचे बारीक. जाडे आटे मऊ धातूत पक्के धरतात, बारीक आट्यांमुळे वरचा ताण हळूहळू, हिशेबात वाढवता येतो.

मऊ धातूतले आटे किती नाजूक असतात याची उदाहरणं इंजिनांच्या इतिहासात भरपूर आहेत. एअर-कूल्ड फोक्सवॅगन बीटलच्या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या केसमधून स्टड आट्यांसकट उपटून यायचे. भोकात पोलादी इन्सर्ट, म्हणजे आटे असलेली नळी, घालणं ही त्यावरची सर्रास दुरुस्ती. कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार व्ही-८ च्या अॅल्युमिनियम ब्लॉकमध्येही हेड बोल्टचे आटे सुटण्याचा त्रास प्रसिद्ध आहे, आणि पुढे त्या बोल्टचे आटे जाडे करण्यात आले.

## टॉर्क रेंचचा आकडा कुठे खर्च होतो

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये मोजलेला. टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेला जोर आला की टक् असा आवाज करणारा किंवा आकडा दाखवणारा पाना. आपण समजतो की ८० चा आकडा आला, म्हणजे स्टड ८० च्या हिशेबाने ताणला गेला. प्रत्यक्षात लावलेल्या जोरापैकी जवळजवळ अर्धा नटाच्या तळाशी, वॉशरवरच्या घर्षणात जातो. सुमारे ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात. स्टड ताणायला उरतो दहा टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे घर्षण थोडंसं जरी बदललं तरी तो उरलेला छोटा वाटा खूप बदलतो. इंजिनिअर वापरतात ते सूत्र सोपं आहे: टॉर्क म्हणजे घर्षणावरून ठरणारा एक गुणांक, गुणिले व्यास, गुणिले ताण. १० मिलिमीटरचा कोरडा बोल्ट घेतला, गुणांक ०.२ धरला, तर ८० न्यूटन-मीटरला ४० किलोन्यूटन ताण येतो. त्याच बोल्टला चांगलं ल्युब्रिकंट लावून गुणांक ०.१३ वर आणला, तर त्याच ८० ला ताण होतो ६१ च्या पुढे. १०.९ या ताकदीच्या दर्जाच्या १० मिलिमीटर बोल्टने बिनधोक सोसायचा ताण सुमारे ४८ किलोन्यूटन आहे. पाना तोच, आकडा तोच. एकदा पकड जेमतेम आणि एकदा बोल्ट बाद.

चांगल्या टॉर्क रेंचची चूक चार टक्क्यांच्या आत असते. पण फक्त टॉर्कच्या भरवशावर आवळलेल्या बोल्टांचा प्रत्यक्ष ताण पंचवीस-तीस टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो. रेंच आणखी भारी घेऊन ही तफावत मिटत नाही. ती मिटते आटे साफ असल्याने, ल्युब्रिकंट ठरलेलंच वापरल्याने आणि वॉशर योग्य असल्याने.

## सगळं भोकात आहे

ब्लॉकमधल्या भोकांची तयारी हा मला या कामातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो, आणि वगळला जातो तोही हाच.

जुना बोल्ट काढल्यावर भोकात डोकावा. तळाशी ऑइल आणि कूलंटचं मिश्रण साचलेलं असतं, आट्यांत जुनं सीलंट आणि गंज, आणि गॅस्केट खरवडताना पडलेला कचरा. हे भोक तळाशी बंद असेल तर त्यातला द्रव जीवघेणा ठरतो. द्रव दाबला जात नाही. स्टड किंवा बोल्ट खाली जाऊ लागला की द्रवाला पळायला जागा उरत नाही आणि सगळा जोर ब्लॉकच्या भिंतीवर येतो. अशाने ब्लॉकला तडा जातो. तडा नाही गेला तरी टॉर्क रेंच आधीच टक् करतो आणि पकड मात्र आलेलीच नसते.

सफाईला हत्यार कुठलं वापरता त्याने फरक पडतो. साधा टॅप आटे पाडण्यासाठी असतो, तो धातू कापतो. जुन्या आट्यांत तो फिरवला की आटे थोडे सैल होतात, आणि ती सैलाई परत भरून निघत नाही. सफाईसाठी चेसर मिळतो. त्याच्या धारा कापत नाहीत, आट्यांतली घाण बाहेर काढतात आणि वाकलेली कड सरळ करतात. चेसर हाताने, थोडा थोडा, मागेपुढे करत फिरवा. मग सॉल्व्हंटचा फवारा आणि कॉम्प्रेसरची हवा. हवा मारताना डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण भोकातला सगळा मळ सरळ तोंडावर उडतो. भोकावर फडकं धरून हवा मारली तर तो शेजारच्या सिलिंडरातही जात नाही. पांढऱ्या कापडाची बारीक सुरळी करून भोकात फिरवून बघा. ती काळी येते तोवर सफाई झालेली नाही.

सफाई झाली की नवा स्टड कोरडाच हातात घेऊन प्रत्येक भोकात फिरवून बघा. तो बोटांनी, न अडखळता, न थांबता, तळापर्यंत जायला हवा. एखाद्या भोकात तो अडत असेल तर पाना लावून पुढे ढकलू नका; आटे बघा. आणि किती आटे पकडतात तेही मोजा. बिडाच्या ब्लॉकमध्ये व्यासाच्या साधारण दीडपट आणि अॅल्युमिनियममध्ये दुप्पट खोलीपर्यंत आटे गुंतलेले असावेत, हा अंदाज कामाचा आहे.

आता भोकाच्या तोंडाकडे या. ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाला डेक म्हणतात. पूर्वीच्या बोल्टांनी ओढून ओढून भोकाभोवतीचा धातू किंचित वर आलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाचं टोक हलकेच फिरवलं तर कड लागते. सपाट तेलदगड भोकावरून फिरवला की त्या जागी चकचकीत कडं उमटतं, तोच उंचवटा. तो काढल्याशिवाय गॅस्केट सपाट बसत नाही. भोकाच्या तोंडाला हलका काप देऊन पहिला आटा डेकच्या थोडा खाली ठेवतात, तो यासाठीच.

डेक आणि हेडचा सपाटपणा सरळपट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत तपासा. किती वाक चालतो ते इंजिनच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पुष्कळ इंजिनांत तो ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या पलीकडे चालत नाही. पोलादी पत्र्यांचे थर असलेलं गॅस्केट घालणार असाल तर पृष्ठभाग गुळगुळीतही हवा. वाकलेल्या हेडला स्टड सरळ करत नाहीत.

## स्टड हातानेच बसवायचा

स्टड ब्लॉकमध्ये किती आवळायचा? ऐकून विश्वास बसत नाही, पण उत्तर आहे: बहुतेक स्टड हाताने टेकेपर्यंत, बस. बऱ्याच स्टडच्या डोक्यात अॅलन कीसाठी षटकोनी खाच असते. ती फक्त हलकेच टेकवायला आणि पुढे कधी काढायला. दोन नट एकमेकांवर घट्ट करून स्टड ब्लॉकमध्ये पिळून बसवण्याची जुनी पद्धत इथे घातक आहे. स्टड तळाला किंवा आट्यांच्या शेवटाला जोराने टेकवला की तो तिरका होतो, नट आवळायच्या आधीच ब्लॉकवर ताण येतो, आणि तळ कमकुवत असेल तर फुटतो. काही उत्पादक ब्लॉककडच्या टोकालाही ठरावीक, छोटा टॉर्क सांगतात. तो सांगितला असेल तर तेवढाच द्यायचा, स्वतःच्या अंदाजाने वाढवायचा नाही.

"हाताने लावलेला स्टड सुटणार नाही का?" ही शंका रास्त आहे. वरून नट आवळला की स्टड वर ओढला जातो आणि त्याचे आटे ब्लॉकच्या आट्यांवर टनावारी भाराने दाबले जातात. त्या भाराखाली तो फिरू शकत नाही. पकड ताणातून येते.

काही इंजिनांत भोकं तळाशी बंद नसतात, थेट कूलंटच्या वाटेत उघडतात. तिथे ब्लॉककडच्या आट्यांना सीलंट लावायलाच हवं, नाहीतर कूलंट आट्यांतून वर चढतं, नटापाशी पाझरतं किंवा ऑइलमध्ये उतरतं. एकाच ब्लॉकमध्ये काही भोकं बंद आणि काही उघडी असू शकतात, म्हणून आधी प्रत्येक भोकात तार घालून बघा. स्टड कायमचे राहावेत म्हणून आटे चिकटवणारं द्रव्य वापरणार असाल, तर ते सुकायच्या आत हेड बसवून नट पूर्ण आवळून झाले पाहिजेत. आधी सुकलं तर स्टड ज्या किंचित तिरक्या स्थितीत असेल तिथेच अडकतो आणि हेडच्या भोकाशी जुळत नाही.

## हेड उतरवताना

हेड जागेवर नेमकं बसवायचं काम स्टडचं नाही; ते डॉवेलचं, म्हणजे ब्लॉकमधल्या छोट्या मार्गदर्शक पिनांचं. त्या जागेवर आहेत ना, गॅस्केटची वरची बाजू वर आहे ना, हे बघून घ्या.

इंजिन गाडीत असतानाच काम करत असाल तर एक अडचण आधी मोजून ठेवा. स्टड उभे असताना हेड त्यांच्या पूर्ण उंचीएवढं सरळ वर उचलावं लागतं. बॉनेटखाली तेवढी जागा प्रत्येक गाडीत नसते. ब्रेकचा बूस्टर किंवा मागची भिंत आड येते. अशा वेळी गॅस्केट आणि हेड आधी डॉवेलवर बसवून स्टड वरून, हेडच्या भोकांतून घालतात. चालतं. मात्र हेडच्या भोकातला कचरा स्टडबरोबर खाली जातो, म्हणून ती भोकंही तितकीच साफ हवीत, आणि स्टड तळाला टेकल्याचा अंदाज घेण्यासाठी तो किती फेऱ्यांत जातो ते आधी रिकाम्या ब्लॉकवर मोजून ठेवलेलं हवं.

## वॉशर, ल्युब्रिकंट आणि क्रम

स्टडबरोबर येणारे वॉशर कडक केलेले आणि दोन्ही बाजूंनी समांतर घासलेले असतात. त्यांच्या जागी डब्यातला साधा वॉशर घातला तर तो नटाखाली चेपतो, आणि चेपला तेवढी पकड गेली. वॉशरच्या एका बाजूला आतल्या कडेला तिरका काप असेल तर ती बाजू वर, नटकडे.

ल्युब्रिकंट स्टडच्या उत्पादकाने सांगितलेलंच घ्या. ते वरच्या आट्यांना आणि नटाच्या तळाला, म्हणजे नट आणि वॉशर जिथे घासतात तिथे लावायचं. वॉशर आणि हेड यांच्या मध्ये मात्र नको. तिथे ते लागलं तर नटाबरोबर वॉशरही फिरतो, घर्षण मध्येच बदलतं आणि आकड्याला अर्थ उरत नाही.

आवळायचा क्रम मधून बाहेर. मधल्या नटांपासून सुरुवात करून आलटून पालटून कडेच्या नटांकडे जायचं, म्हणजे गॅस्केट मधून बाहेर सपाट होत जातं. एका टोकाकडून सुरू केलं तर हेड एका बाजूला टेकतं आणि दुसऱ्या बाजूला वाकतं. पूर्ण टॉर्क एकदम द्यायचा नाही. सहसा तीन समान टप्प्यांत, आणि दर टप्प्याला सगळे नट क्रमाने घ्यायचे. रेंच सावकाश, एका दमात ओढा. झटका दिला तर टक् आवाज येतो, पण नट तेवढा फिरलेला नसतो. टक् झाल्यावर "खात्रीसाठी" पुन्हा ओढू नका. नट फिरता फिरता हाताला मऊ लागायला लागला, जोर वाढतच नाही असं वाटलं, तर तिथेच थांबा. खाली आटे सुटतायत किंवा स्टड ताणून चाललाय.

## नेहमीच्या शंका

कंपनीच्या मॅन्युअलमधला टॉर्क स्टडला चालेल का? नाही. आजच्या पुष्कळ इंजिनांतले मूळ बोल्ट मुद्दाम हद्दीपर्यंत ताणायचे असतात: आधी थोडा टॉर्क, मग ९० अंश फिरवा, पुन्हा ९० अंश. म्हणूनच ते बहुधा एकदाच वापरायचे असतात. स्टडचं पोलाद वेगळं, व्यास आणि आटे वेगळे, ल्युब्रिकंट वेगळं. त्यामुळे त्याचा आकडाही स्टडच्या उत्पादकाचा. बोल्टची अंशांची पद्धत स्टडवर लावली तर काय होईल सांगता येत नाही. क्रम मात्र इंजिनच्या मॅन्युअलचा चालतो.

हेड न काढता एकेक बोल्ट काढून त्या जागी स्टड टाकला तर? काही डिझेल इंजिनांवर लोक असं करतात आणि गॅस्केट धडधाकट असेल तर निभावतंही. पण भोक साफ करता येत नाही, बोल्ट काढला की त्यात कूलंट किंवा ऑइल उतरतं, आणि वर सांगितलेले सगळे धोके परत येतात. गॅस्केट आधीच गळत असेल तर हा उपाय नाहीच.

नंतर पुन्हा आवळायचं का? ते गॅस्केटवर अवलंबून आहे. पोलादी थरांच्या गॅस्केटला बहुधा गरज पडत नाही. तांब्याच्या आणि काही मिश्र पदार्थांच्या गॅस्केटना इंजिन एकदा तापून पूर्ण निवल्यावर पुन्हा आवळावं लागतं. गॅस्केटबरोबरचा कागद सांगेल तसं. आवळायचंच असेल तर इंजिन थंड असताना, एका वेळी एकच नट किंचित सैल करून मग पूर्ण टॉर्कवर आणायचा. थांबलेल्या नटाला हलवायला जास्त जोर लागतो, म्हणून सैल न करता नुसता रेंच लावला तर तो नट न हलताच टक् करतो.

स्टडने ताकद वाढते का? इंजिनची नाही. वाढवलेली ताकद सांभाळायला त्यांची मदत होते.

पुन्हा वापरता येतात का? हो, हद्दीच्या आत ताणलेले असतील तर. नवे असतानाच प्रत्येकाची लांबी मायक्रोमीटरने मोजून, भोकाच्या क्रमांकासह लिहून ठेवा. पुढे हेड उघडाल तेव्हा मोकळा स्टड मूळ लांबीपेक्षा लांब भरला, किंवा बारीक आट्यांवर नट हाताने फिरताना एका जागी अडला, तर तो ताणून गेलाय. बदला.

## ब्लॉक मशीनवर जायच्या आधी

एक परिणाम असा आहे की तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. स्टड टनावारी ताकदीने ब्लॉकचा धातू वर ओढतात. त्या ओढीने सिलिंडरचा गोल किंचित बिघडतो, विशेषतः वरच्या भागात, भोकांच्या जवळ. पिस्टन रिंगांना गोल भिंत लागते. भिंत गोल नसेल तर वायू खाली निसटतात आणि ऑइल जळतं. चांगले मशीनिस्ट म्हणूनच सिलिंडरला शेवटचा हात देताना डेकवर हेडच्या जागी टॉर्क प्लेट बसवतात. ही जाड पोलादी पट्टी हेडसारखीच आवळली की ब्लॉक आधीच तसा वाकतो, आणि त्या वाकलेल्या स्थितीत सिलिंडर गोल केला जातो.

आता बोल्टच्या पकडीवर गोल केलेल्या सिलिंडरच्या ब्लॉकवर तुम्ही जास्त पकडीचे स्टड लावले, तर तो गोल पुन्हा हलू शकतो. इंजिन पूर्ण बांधायला काढलंच असेल तर स्टड आधी आणा. ब्लॉक मशीनवर देताना तेच स्टड, नट, वॉशर, ल्युब्रिकंट आणि ज्या प्रकारचं गॅस्केट घालणार त्याचा एक नमुना सोबत द्या, आणि टॉर्क प्लेट त्याच स्टडांवर, त्याच टॉर्कला आवळायला सांगा.